पंचवीस हजार फुटांवरचा जमीर

ऑफ तास होता. नववीच्या वर्गावर मला पाठवले होते. धडा शिकवायचा नव्हता, म्हणून मुले आपापसात बोलत होती आणि मीही त्यांना बोलू दिले. एका मुलाने घरच्या मोबाईलवर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांची दृश्ये पाहिली होती. २०२४ मध्ये ‘मास्टर्स ऑफ द एअर’ नावाची एक मालिका आली, तिचे तुकडे असावेत. ढगांवरून रांगेने चाललेली विमाने, भोवती फुटणारे तोफगोळ्यांचे काळे धूर, जळत खाली जाणारे पंख. तो हातवारे करून सांगत होता आणि बाकीची पोरे कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारले, “सर, उप्पर से उनको नीचे के लोगां दिखते थे क्या?”

मी म्हणालो, “नहीं बेटा, इतनी ऊँचाई से आदमी नहीं दिखता.”

उत्तर चुकीचे नव्हते. तास संपला, घंटा झाली. पण घरी जाताना हा प्रश्न माझ्याबरोबर आला आणि बरेच दिवस राहिला. मुलीने डोळ्यांविषयी विचारले होते. मला मात्र हळूहळू वाटू लागले की हा प्रश्न डोळ्यांचा नाही, जमीरचा आहे. एखादा माणूस नेक मकसदासाठी लढतो, त्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावतो, आणि त्याच लढाईत कधीही न पाहिलेल्या माणसांवर आग टाकतो. त्या आगीचा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा?

आधी त्या माणसांना ओळखून घेऊ. ओळख करून न घेता निवाडा देणे हा इन्साफ नव्हे.

अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे तळ इंग्लंडच्या पूर्व भागात, नॉरफोक आणि सफोकच्या शेतांमध्ये होते. १७ ऑगस्ट १९४२ रोजी या दलाच्या अवजड बॉम्बर विमानांनी फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या रेल्वे यार्डावर पहिला हल्ला केला. त्या दिवशी विमाने होती अवघी बारा. पुढे युद्ध संपेपर्यंत एका दिवशी हजारावर विमाने जाऊ लागली. बी-१७ जातीच्या विमानात साधारण दहा माणसे असत. दोन वैमानिक, वाट सांगणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब सोडणारा बॉम्बार्डियर, एक इंजिनियर, एक रेडिओवाला आणि बाकीचे मशिनगन चालवणारे गनर. बहुतेकांचे वय विशीतले. आपल्याकडे ज्या वयात मुले कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतात किंवा नोकरीसाठी अर्ज भरत असतात, त्या वयाची ही पोरे.

विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. पंचवीस हजार फुटांवर ऑक्सिजनचा मुखवटा लावल्याशिवाय श्वास घेता येत नसे. नळी गोठली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होई. थंडी उणे चाळीस अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली. उघड्या हाताने बंदुकीचे लोखंड धरले तर कातडी चिकटून निघे. विमानाच्या पोटाखाली एक फिरता गोळा असे आणि त्यात एक गनर गुडघे पोटाशी घेऊन तासन् तास बसलेला असे.

सुरुवातीचा नियम असा होता की पंचवीस मोहिमा पुऱ्या करा आणि घरी जा. पण १९४३ मध्ये पंचवीस पुऱ्या करणाऱ्यांपेक्षा त्याआधीच मेलेले किंवा कैदेत गेलेले जास्त होते. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर २९१ विमाने निघाली. त्यातली ६० पाडली गेली. एका दिवसात सुमारे सहाशे माणसे जेवणाच्या टेबलांवरून नाहीशी झाली. साऱ्या युद्धात या एका दलाची २६ हजारांहून अधिक माणसे मेली. पॅसिफिकच्या बेटांवर लढलेल्या अमेरिकन मरीन कोअरचीही संपूर्ण युद्धात एवढी माणसे मेली नाहीत.

तेव्हा ‘वरून बटण दाबणारे भेकड’ असे म्हणून आपली सुटका होत नाही. ते भेकड नव्हते. मात्र इथेच एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. शौर्य हा काम योग्य असल्याचा पुरावा नसतो. त्यांच्यावर गोळ्या झाडायला वर येणारे जर्मन वैमानिकही शूरच होते, आणि ते हिटलरसाठी लढत होते. बहादुरी माणसाविषयी काही सांगते, त्याने केलेल्या कामाविषयी सांगेलच असे नाही.

या हवाई दलाचा एक दावा होता, आणि तो नैतिक दावा होता. इंग्रजांची विमाने रात्री जात आणि सबंध शहरावर बॉम्ब टाकत. जुलै १९४३ मध्ये त्यांनी हँबुर्गमध्ये जी आग लावली तिच्यात तीस हजारांहून अधिक माणसे मेली. अमेरिकन म्हणत, आम्ही असे करणार नाही. आम्ही दिवसा जाऊ, मोजून मापून फक्त कारखाना, तेलाचे केंद्र, रेल्वेचे यार्ड यांवर बॉम्ब टाकू. त्यासाठी त्यांच्याकडे नॉर्डन नावाचे नेम धरण्याचे यंत्र होते. उंची, वेग आणि वारा यांचा हिशेब करून बॉम्ब कोणत्या क्षणी सोडायचा हे ते यंत्र ठरवी. या यंत्राची गुपिते जिवापाड जपण्याची शपथ बॉम्बार्डियरला घ्यावी लागे. इतक्या उंचीवरून लोणच्याच्या पिंपात बॉम्ब टाकता येतो, अशी त्याची शेखी मिरवली जाई.

दावा खोटेपणाने केलेला नव्हता. नियत साफ होती असे मानायला हरकत नाही. पण युरोपवर ढग असतात, खालून तोफा चालतात, वारा बदलतो. शिवाय पुढे पुढे पद्धत अशी पडली की पुढच्या विमानाने बॉम्ब सोडले की मागच्या सगळ्यांनी सोडायचे. म्हणजे बहुतेक विमानांत नेम धरणारा कोणी नव्हताच, फक्त सोडणारा होता. युद्ध संपल्यावर अमेरिकेच्याच सरकारी पाहणीने हिशेब मांडला. नेम धरून टाकलेल्या बॉम्बपैकी सुमारे २० टक्केच लक्ष्याभोवतीच्या एक हजार फूट त्रिज्येच्या वर्तुळात पडले होते. ढगांतून रडारच्या आधाराने टाकलेल्यांची गत तर आणखी वाईट होती. कागदावर ‘रेल्वे यार्ड’ लिहिलेले असे. पण यार्ड शहरात असते, आणि शहरात माणसे असतात.

ऐंशी टक्के बॉम्ब वर्तुळाबाहेर पडत असतील आणि ही गोष्ट आपल्याला ठाऊक होत जात असेल, तर ‘आमचा नेम कारखान्यावर होता’ हे वाक्य किती दिवस चालवायचे? पहिल्या दिवशी ते खरे असते. शंभराव्या दिवशी ते पांघरूण होते. नियत ही एकदा करून ठेवण्याची वस्तू नाही. परिणाम समोर येत गेले की नियतीलाही पुन्हा जाब द्यावा लागतो.

१० ऑक्टोबर १९४३, रविवार. श्वाइनफुर्टच्या आधी चार दिवस. पहाटे वैमानिकांना नकाशा दाखवला गेला तेव्हा त्या दिवशीचे लक्ष्य कारखाना नव्हता. लक्ष्य होते म्युन्स्टर शहराचा मधला भाग, कॅथिड्रलच्या आसपासची वस्ती. रेल्वेवर काम करणाऱ्या मजुरांची घरे तिथे आहेत, ती उद्ध्वस्त झाली की रेल्वे थांबेल, असा त्यामागचा विचार. काही जणांनी आनंदाने आरोळ्या दिल्या. त्यांचे दोस्त आदल्या दोन दिवसांत मेले होते आणि त्यांना बदला हवा होता. पण काही जण गप्प बसले. एक नॅव्हिगेटर आपल्या कर्नलकडे गेला आणि म्हणाला की रविवारच्या दिवशी घरांवर बॉम्ब टाकायला मला जाववणार नाही. तो धार्मिक घरात वाढलेला होता. कर्नलने त्याला समजावले. हे युद्ध आहे, हुकूम वरून आलेला आहे, आणि तू गेला नाहीस तर तुझ्यावर खटला चालेल. तो गेला.

त्या दिवशी म्युन्स्टरमध्ये शेकडो नागरिक मेले. आणि आकाशात हंड्रेडथ बॉम्ब ग्रुपच्या तेरा विमानांपैकी बारा परतलीच नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच दुपारच्या. एक सांगताना दुसरी लपवू नये.

मला त्या नॅव्हिगेटरविषयी पुन्हा पुन्हा विचार करावासा वाटतो. तो बंडखोर नव्हता. त्याने एक प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळाले ‘हुकूम वरून आहे’, आणि तो विमानात बसला. त्याच्या जागी मी असतो तर काय केले असते? खरे सांगायचे तर मीही गेलो असतो. एवढेच नाही, मी कदाचित प्रश्नही विचारला नसता. शाळेत साध्या परिपत्रकावर सही करताना सुद्धा आपण ‘वरून आलंय’ म्हणून मोकळे होतो.

पण हे ‘वर’ म्हणजे नेमके कुठे? फेब्रुवारी १९४५ मध्ये बर्लिनच्या मध्यभागी मोठा हल्ला करण्याचे ठरले, तेव्हा आठव्या हवाई दलाचा प्रमुख होता जनरल जिमी डूलिटल. त्याने आपल्या वरिष्ठाला, जनरल स्पाट्झला, कळवले की या भागात खास लष्करी म्हणावे असे लक्ष्य नाही. म्हणजे नॅव्हिगेटरने कर्नलला जे विचारले, तेच सेनापतीने त्याच्या वरच्याला विचारले. उत्तरही तेच मिळाले. ३ फेब्रुवारी रोजी सुमारे हजार विमाने बर्लिनवर गेली. त्या दिवशी नाझींच्या ‘लोकन्यायालया’चा प्रमुख रोलांड फ्राइस्लर मेला. हजारोंना फासावर पाठवणारा हा क्रूर न्यायाधीश बॉम्बखाली मेला म्हणून आपल्याला समाधान वाटते, आणि ते वाटू द्यावे. पण त्याच दिवशी हजारो अशी माणसे मेली ज्यांच्यावर कोणताच खटला नव्हता.

खालचा म्हणतो, वरून हुकूम. वरचा म्हणतो, त्याच्याही वरून हुकूम. सगळ्यात वरचा म्हणतो, युद्धाची गरज. आणि विमानातही तेच. वैमानिक म्हणतो मी फक्त चालवतो, नॅव्हिगेटर म्हणतो मी फक्त वाट सांगतो, गनर म्हणतो मी फक्त साथीदारांना वाचवतो, बॉम्बार्डियर म्हणतो पुढच्याने सोडले म्हणून मी सोडले. प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे. आणि तरीही खाली शहर जळाले आहे. दहा जणांनी मिळून ओझे उचलले तर प्रत्येकाला ते हलके वाटते, पण ओझ्याचे वजन काही कमी होत नाही. गुन्हा वाटला गेला म्हणून तो लहान झाला, असे मरणाऱ्याच्या बाजूने कधीच म्हणता येत नाही.

आणखी एक प्रसंग आहे. हॅरी क्रॉस्बी नावाच्या नॅव्हिगेटरने तो पुढे आपल्या आठवणींत लिहिला. १९४३ च्या उन्हाळ्यात ढगांमुळे मूळ लक्ष्य सोडावे लागले आणि दुसरे लक्ष्य शोधताना समोर बॉन शहर आले. क्रॉस्बीला आठवले की हे बीथोव्हेनचे गाव. आदल्याच रात्री त्याने त्याचे संगीत ऐकले होते. त्याने सांगितले, इथे बॉम्ब टाकायचा नाही. विमाने पुढे गेली आणि बॉम्ब रूरच्या औद्योगिक भागात दुसऱ्या ठिकाणी पडले.

किती चांगला माणूस, असे वाचताना वाटते. मलाही वाटले. मग मनात आले, त्या दुसऱ्या ठिकाणी बीथोव्हेन जन्मला नव्हता, एवढाच तिथल्या लोकांचा कसूर. ज्या शहराचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ज्याचे गाणे आपण ऐकले आहे, त्याच्यावर आपल्याला रहम येतो. ज्याचे नाव ठाऊक नाही ते फक्त नकाशावरचे ठिकाण. क्रॉस्बीला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्या घाईत त्याच्या मनात दया आली हेच मोठे. पण दया ओळखीवर अवलंबून राहिली तर ती दया बहुतेकांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तर कायदा लागतो. कायदा अनोळखी माणसासाठी असतो.

आता दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोघेही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले, दोघेही ज्यू घरांतले, दोघेही आठव्या हवाई दलात आपणहून गेलेले.

पहिला रॉबर्ट रोझेन्थल. शिक्षणाने वकील. म्युन्स्टरहून हंड्रेडथ ग्रुपचे जे एकमेव विमान परतले, ते त्याचे. पंचवीस मोहिमा झाल्यावर तो घरी जाऊ शकत होता, पण गेला नाही. एकूण ५२ मोहिमा केल्या, दोनदा त्याचे विमान पाडले गेले. त्यातली दुसरी वेळ त्याच ३ फेब्रुवारीची, बर्लिनवर. युद्धानंतर तो न्यूरेंबर्गच्या खटल्यांत सरकारी वकिलांच्या मदतीला गेला आणि गोअरिंगसारख्यांना समोरासमोर बसून प्रश्न विचारले. त्याच्या मनात शंका नव्हती. नाझी हे साऱ्या सभ्य माणसांवरचे संकट आहे आणि ज्याला लढता येते त्याने लढावे, एवढे त्याला पुरेसे होते.

त्याला चूक म्हणण्याआधी खालची दुसरी बाजू पाहावी. ऑगस्ट १९४४ मध्ये इटलीतून उडालेल्या अमेरिकन विमानांनी ऑश्विट्झजवळच्या बुना कारखान्यावर बॉम्ब टाकले. एली वीझेल तेव्हा तिथे कैदी होता, कोवळ्या वयाचा मुलगा. त्याने पुढे लिहिले की एक बॉम्ब बराकीवर पडला असता तर शेकडो कैदी जागीच मेले असते, तरीही त्यांना त्या मरणाची भीती वाटली नाही, उलट आनंद झाला. ज्याला रोज मारले जाते त्याला आकाशातला तो आवाज मदतीचा वाटतो. युद्ध वाईट असते असे घरी बसून म्हणणे सोपे आहे. बुनाच्या बराकीत बसून ते म्हणता आले असते का?

दुसरा माणूस हॉवर्ड झिन. पुढे प्रसिद्ध इतिहासकार झाला, २०१० मध्ये वारला. जहाजबांधणीच्या गोदीत त्याला अशी नोकरी होती की सैन्यात जाण्याची सक्ती नव्हती. तरीही फॅसिझमविरुद्ध लढायचे म्हणून तो गेला आणि बॉम्बार्डियर झाला. दुसऱ्या एका विमानातल्या एका गनरशी त्याची दोस्ती झाली. तो गनर म्हणे की हे फॅसिझमविरुद्धचे युद्ध नाही, साम्राज्यांचे आपापसातले युद्ध आहे. झिनने विचारले, मग तू इथे कशाला? तो म्हणाला, तुझ्यासारख्यांशी बोलायला. काही दिवसांनी तो गनर मोहिमेवर मारला गेला.

एप्रिल १९४५ च्या मध्यावर झिनच्या विमानाला फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या रोयाँ गावावर पाठवले गेले. गाव फ्रेंचांचे, म्हणजे दोस्तांचे. तिथे काही हजार जर्मन सैनिक वेढ्यात अडकून युद्ध संपण्याची वाट पाहत होते. बर्लिन पडायला आले होते. तीन आठवड्यांनी युद्ध संपणारच होते. तरी बाराशेहून अधिक अवजड विमाने गेली, आणि या वेळी त्यांच्याजवळ एक नवी वस्तू होती, जळते चिकट रसायन, ज्याला पुढे सारे जग नापाम म्हणून ओळखू लागले. झिनने खाली पाहिले तेव्हा त्याला काड्या पेटाव्यात तशा ठिणग्या दिसल्या. किंकाळी ऐकू आली नाही, रक्त दिसले नाही. त्या वेळी मनात प्रश्नही आला नाही.

घरी आल्यावर त्याने आपली पदके आणि कागदपत्रे एका पाकिटात भरली आणि वर लिहिले की हे पुन्हा कधी नको. १९६६ मध्ये तो रोयाँला परत गेला. वाचनालयात बसला, वाचलेल्या लोकांना भेटला, आणि आपण काय केले ते वीस वर्षांनी वाचून समजून घेतले.

मी बरेच दिवस या दोघांपैकी कोण बरोबर, असा विचार करीत होतो. आता वाटते, तो प्रश्नच चुकीचा होता. रोझेन्थल म्हणतो ते युद्धाविषयी खरे आहे. झिन म्हणतो ते रोयाँविषयी खरे आहे. हिटलरला थांबवणे जरुरीचे होते, आणि रोयाँ जाळणे जरुरीचे नव्हते. एका वाक्याने दुसरे खोटे ठरत नाही. जंग न्याय्य आहे का, हा एक प्रश्न. आज, या गावावर, हा बॉम्ब न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणजे दुसरा विचारायची गरज उरली नाही, असे जे समजतात, त्यांच्याच हातून रोयाँ घडते.

तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधारण असे की ब्रिटन एकटा पडला होता आणि नाझी सारे काही पुसून टाकतील अशी वेळ आली होती, तेव्हा कदाचित शहरांवरचे बॉम्ब समजून घेता येतील. पण रशिया आणि अमेरिका युद्धात आल्यावर ती लाचारी संपली होती. तरी बॉम्ब थांबले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये पंचवीस हजारांपर्यंत माणसे मेली, तेव्हा युद्धाचा निकाल सगळ्यांना दिसत होता. लाचारीत घेतलेली सवलत गरज संपल्यावर कोणी परत करीत नाही.

पण मला सगळ्यात जास्त बेचैन केले ते रुसेल्सहाइमने. २६ ऑगस्ट १९४४ रोजी या गावातून आठ अमेरिकन कैदी चालवत नेले जात होते. दोन दिवसांपूर्वी त्यांचे विमान दुसरीकडे पाडले गेले होते. आदल्या रात्री इंग्रजांनी गावावर बॉम्ब टाकले होते आणि घरे अजून धुमसत होती. लोकांनी या आठ जणांवर विटा, दगड, काठ्या चालवल्या. सहा जण मेले. दोघे मेल्याचे सोंग करून वाचले. त्यांनी त्या गावावर एकही बॉम्ब टाकलेला नव्हता. पुढे अमेरिकनांनी खटला चालवला आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये पाच जणांना फाशी दिली.

तो खून होता, शिक्षा योग्यच होती. निःशस्त्र कैद्याला मारणे याला दुसरे नाव नाही. पण हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. हाताने वीट मारणाऱ्याला फाशी. पंचवीस हजार फुटांवरून घर जाळण्याचा हुकूम देणाऱ्याला पदक. न्यूरेंबर्गमध्ये शहरांवरच्या बॉम्बफेकीबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही, जर्मनांनाही नाही. कारण ते दोन्ही बाजूंनी केलेले होते. वॉर्सा, रॉटरडॅम आणि कॉव्हेंट्री जर्मनांनी जाळले, हँबुर्ग आणि ड्रेस्डेन दोस्तांनी. जिथे दोन्ही पक्षकार गुन्हेगार असतात तिथे गुन्ह्याचे नावच बदलते.

आणि इथे मला माझे स्वतःचे काही सापडले. आपल्या माणसाची आपण नियत पाहतो. परक्याचा आपण अमल पाहतो. आपल्या बाजूचा बॉम्ब पडला की आपण विचारतो, त्याचा नेम कुठे होता? त्यांच्या बाजूचा पडला की आपण विचारतो, किती मेले? अमेरिकनांनी कॉव्हेंट्रीचा हिशेब मेलेल्यांवरून केला आणि म्युन्स्टरचा हिशेब हेतूवरून. जर्मनांनी याच्या उलट केले. हे तराजू फक्त त्यांच्याकडे होते असे म्हणून मला सुटता येत नाही. वर्तमानपत्र उघडताना मीही आधी पाहतो की मारणारा कोण आणि मेलेला कोण, आणि मग ठरवतो की किती दुःख करायचे. ज्याला इन्साफ म्हणायचे त्याची पहिली अट हीच की तराजू एक असावा. आपल्यासाठी आणि त्यांच्यासाठी वेगळा नसावा.

त्या युद्धानंतर जगाने थोडे शहाणपण कागदावर आणले. १९४९ चे जिनिव्हा करार झाले. १९७७ च्या जोडकराराने एखाद्या शहरातली वेगवेगळी लष्करी ठिकाणे मिळून सबंध शहराला एकच लक्ष्य मानण्याला बंदी घातली. अमेरिकेने या जोडकरारावर सही केली, पण मंजुरी दिली नाही. आपला देश तर त्यात सामीलच झालेला नाही.

आणि यंत्रेही बदलली. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात खुर्चीवर बसून हजारो मैलांवरचे ड्रोन चालवता येते. त्या माणसाला ना थंडी लागते, ना मरणाची भीती असते. आणि खालचा माणूस त्याला पडद्यावर दिसतो. अंगणात उभा असलेला, सायकलवरून जाणारा. आता दिसते. तरीही ड्रोन थांबलेले नाहीत. म्हणजे झिनला खालची माणसे दिसली असती तर तो थांबला असता, असे आपण खात्रीने म्हणू शकत नाही. अंतर ही एक सबब होती. अंतर गेल्यावर दुसरी सबब सापडली.

मग त्या पोरांच्या हाती काय होते? फार थोडे होते, हे मान्य करायला हवे. हुकूम देणाऱ्याचा वाटा मोठा, पाळणाऱ्याचा लहान. पण लहान म्हणजे शून्य नव्हे. त्या नॅव्हिगेटरने कर्नलसमोर उभे राहून विचारले, हा त्याच्या वाट्याचा हिशेब होता. त्याने म्युन्स्टर वाचले नाही. पण त्या सकाळी एका माणसाने तरी घरांना घरे म्हटले, लक्ष्य म्हटले नाही. असा प्रश्न दहा जणांनी, शंभर जणांनी, एका जनरलने नव्हे तर सगळ्या जनरलांनी विचारला असता तर काय झाले असते, हे आपल्याला कळणार नाही. विचारला नाही तर काय होते, हे मात्र ठाऊक आहे.

परवा पुन्हा नववीवर तास आला. मी त्या मुलीला म्हटले, “उस दिन मैं ने आधी बात बताई थी. दिखते नहीं थे बेटा. मगर नीचे लोग हैं, ये उनको मालूम था.”

ती थोडा वेळ विचार करीत राहिली आणि म्हणाली, “फिर दिखना काय को होना, सर?”

मग दिसायला कशाला हवे? माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नव्हते.